कोणतं बदक मारायला परवानगी आहे?

ऑक्टोबर सरत आला की उजनी, जायकवाडी, नांदूर मध्यमेश्वर आणि गावोगावच्या पाझर तलावांवर बदकं उतरू लागतात. सायबेरिया, मंगोलिया, तिबेटकडून आलेली ही पाखरं फेब्रुवारी-मार्चपर्यंत मुक्कामाला असतात. त्यांच्या मागोमाग काठावर दुर्बिणी येतात, कॅमेरे येतात आणि काही ठिकाणी रात्रीच्या अंधारात जाळीही येतात. जाळी लावणाऱ्यांपैकी अनेकांना आपण गुन्हा करतोय असं वाटतच नाही. वाघ, हरीण, मोर यांना हात लावायचा नाही, एवढं गावातल्या पोराटोरांनाही पक्कं ठाऊक असतं. बदकाचं तसं नाही. ते कोंबडीच्या पंगतीतलं वाटतं, बाजारात विकायला येतं, घरात शिजतं; मग तळ्यावरचं बदक धरलं तर बिघडलं कुठे? शिवाय 'काही जातींना परवानगी आहे, काहींना नाही' असं कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं. ती यादी मात्र कुणी पाहिलेली नसते.

पाहिलेली नसते, कारण ती आज अस्तित्वातच नाही. महाराष्ट्रात, गोव्यात किंवा देशात अन्यत्र, वर्षाच्या कोणत्याही महिन्यात, रानबदक किंवा रानहंस हौसेसाठी वा खाण्यासाठी मारण्याचा परवाना मिळत नाही. हळदी-कुंकू बदक नाही, तलवार बदक नाही, थापट्या नाही, अडई नाही, चक्रवाकही नाही. किती मारता येतील, या प्रश्नाचं उत्तर शून्य.

तरीही हा प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी ठरवायचं कारण नाही. एके काळी अशी यादी खरोखरच होती, आणि जगातल्या अनेक देशांत ती आजही दरवर्षी नव्यानं छापली जाते.

आपल्याकडे बदकांची शिकार हा राजेरजवाडे आणि साहेबलोकांचा हिवाळी खेळ होता. त्याचा कळस राजस्थानातल्या भरतपूरला गाठला गेला. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात तिथे ४,२७३ पक्षी मारले गेले. मुख्य पाहुणे होते व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो. कोणत्या तारखेला, कुणाच्या सन्मानार्थ, किती बंदुकांनी किती पक्षी पाडले याचा तपशील कोरलेला दगड आजही त्या उद्यानात उभा आहे. अभिमानानं कोरलेला तो हिशेब आता पर्यटक डोळे विस्फारून वाचतात. हेच भरतपूर पुढे केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८५ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेलं.

स्वातंत्र्यानंतर शिकार थांबली नाही, तिच्यावर नियम आले. तत्कालीन मुंबई राज्यानं १९५१ मध्ये वन्य प्राणी आणि वन्य पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा केला. मग १९७२ चा केंद्राचा वन्यजीव (संरक्षण) कायदा आला. हा कायदा झाला आणि शिकार बंद झाली, असं बरेच जण समजतात. तसं झालं नव्हतं. मूळ कायद्यात प्राण्यांची पाच अनुसूचींमध्ये वाटणी होती. पहिलीतल्यांना पूर्ण अभय, दुसरीत 'खास' शिकार, तिसरीत मोठी शिकार, चौथीत लहान शिकार आणि पाचवीत उपद्रवी ठरवलेले जीव. मधल्या तीन अनुसूचींतल्या प्राण्यांची शिकार परवाना घेऊन करता येत असे. गुलाबी डोक्याचं बदक आणि आसामातलं पांढऱ्या पंखांचं बदक अशी मोजकी नावं पहिल्या अनुसूचीत होती; बाकी बदकांचं सगळं कुळ चौथीत, म्हणजे 'लहान शिकारी'त. आजोबांच्या तोंडून ऐकलेली 'परवान्याची बदकं' ती हीच.

परवान्याचं हे दार १९९१ च्या दुरुस्तीनं बंद केलं. पहिल्या चारही अनुसूचींतल्या प्राण्यांच्या शिकारीवर सरसकट बंदी आली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तिनं अनुसूचींची मांडणीच बदलली. आता संरक्षित प्राण्यांसाठी दोनच अनुसूची उरल्या आहेत. जुन्या पुस्तकात किंवा एखाद्या अभयारण्याच्या फाटकावरच्या गंजलेल्या पाटीवर 'बदक : अनुसूची चार' असं वाचून कुणी काही निष्कर्ष काढत असेल, तर ती पाटी कालबाह्य आहे. नव्या रचनेत चौथी अनुसूची आहे, पण ती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींची आहे.

कायद्यातला 'शिकार' हा शब्द बोलण्यातल्या शिकारीपेक्षा बराच ऐसपैस आहे, हेही माहीत असावं. गोळी घालणं तर झालंच. पण फास लावणं, जाळ्यात पकडणं, विष घालणं, आमिष दाखवणं, हाकारणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. पक्ष्यांच्या बाबतीत अंडी फोडणं, अंडी किंवा घरटं विस्कटणं हेही त्याच व्याख्येत बसतं. पावसाळ्यात लव्हाळ्यातून हळदी-कुंकू बदकाची अंडी उचलून कोंबडीखाली उबवायला ठेवणारा माणूस स्वतःला शिकारी म्हणवून घेणार नाही. कायदा मात्र त्याला तसं म्हणतो.

शिक्षाही किरकोळ नाही. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जात पहिल्या अनुसूचीतली असेल किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. जायकवाडी आणि नांदूर मध्यमेश्वर ही दोन्ही पक्षी अभयारण्यं आहेत, तेव्हा तिथल्या साध्या वाटणाऱ्या बदकाचाही भाव हाच. मारलेला वन्य पक्षी सरकारी मालमत्ता ठरतो. तो ज्याच्या ताब्यात सापडला त्यानं तो कायदेशीरपणे मिळवला हे त्यानंच सिद्ध करायचं, असा या कायद्याचा दंडक आहे. 'मी मारलं नाही, फक्त विकत घेतलं' हा बचाव म्हणूनच टिकत नाही.

अपवाद आहेत, पण ते हौशी माणसाच्या कामाचे नाहीत. जीव वाचवण्यासाठी चांगल्या हेतूनं केलेली कृती गुन्हा ठरत नाही. बदकाच्या बाबतीत तशी वेळ कुणावर येईल हा भाग वेगळा. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला, तर मुख्य वन्यजीव रक्षक कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतात. शेतकऱ्यानं स्वतःच तसं ठरवून चालत नाही. संशोधन, शिक्षण अशा कारणांसाठी वेगळी परवानगी असते. पक्ष्यांच्या पायात कडी घालणाऱ्या शास्त्रज्ञांनाही ती घ्यावी लागते. आणि निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचे पारंपरिक शिकारीचे हक्क कायद्यानं अबाधित ठेवले आहेत. बस्स.

आता तलवार बदकाचं उदाहरण घेऊ. लांब टोकदार शेपटीचा, चॉकलेटी डोक्याचा हा देखणा पक्षी उत्तर गोलार्धात जवळजवळ सगळीकडे आढळतो. हिवाळ्यात तो महाराष्ट्रातल्या जलाशयांवर येतो, तसा अमेरिकेतल्या लुइझियानाच्या दलदलीतही उतरतो. इथे त्याला मारणं गुन्हा. तिथे परवानाधारकाला २०२४-२५ च्या हंगामात दिवसाला एक मारायची मुभा होती, पुढच्या हंगामात ती तीनवर गेली. एकाच पक्ष्याला दोन न्याय कसे?

अमेरिकेतली पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यामागे मोठी आकडेमोड आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे बाजारासाठी बेसुमार शिकार झाली. लॅब्रडॉर बदक तर १८७० च्या दशकात कायमचं नाहीसं झालं. त्यानंतर १९१६ मध्ये अमेरिका आणि कॅनडासाठी ब्रिटन यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांबाबत करार झाला आणि १९१८ मध्ये त्याचा कायदा झाला. या कायद्याचं मूळ तत्त्व साधं आहे: स्पष्ट परवानगी नसेल तर सगळं बंद. परवानगी द्यायची ती फक्त ठरावीक जातींना, ठरावीक महिन्यांत. विणीच्या काळात, १० मार्च ते १ सप्टेंबर, हंगाम उघडता येत नाही. आणि एका हंगामाची लांबी १०७ दिवसांच्या पुढे नेता येत नाही.

मग दर वर्षी किती? ते ठरतं मोजणीवर. १९५५ पासून दर उन्हाळ्याच्या तोंडावर छोटी विमानं अमेरिकेच्या उत्तर भागावरून आणि कॅनडावरून ठरलेल्या रेषांवर कमी उंचीवरून उडतात आणि खालची बदकं जातवार मोजली जातात. जमिनीवरून पडताळणी होते, तळ्यांची संख्याही मोजली जाते, कारण पाऊस कमी झाला की पिल्लंही कमी. २०२४ मध्ये हा अंदाज सुमारे ३ कोटी ४० लाख बदकांचा होता. या आकड्यांवरून देशाच्या चार उड्डाणमार्गांसाठी वेगवेगळे नियम ठरतात. मिसिसिपी मार्गावर २०२४-२५ मध्ये एका शिकाऱ्याला दिवसाला सहा बदकं. पण त्या सहांत मॅलार्ड चारपेक्षा जास्त नकोत, त्यातही माद्या दोनच. वुड डक तीन, कॅनव्हासबॅक दोन, तलवार बदक एक. किराणा दुकानाच्या यादीसारखा हा हिशेब शिकाऱ्याला पहाटेच्या धुक्यात, डोक्यावरून सूं करून जाणाऱ्या थव्याकडे बघत पाळायचा असतो.

त्यासाठी तो काय करतो? पंख ओळखायला शिकतो. बदकाच्या पंखावर मागच्या कडेला एक चकाकती पट्टी असते. तिचा रंग आणि कडा ही जातीची ओळखखूण असते. नर-मादीचा पिसारा कितीही बदलला तरी ही पट्टी फारशी बदलत नाही. म्हणूनच तिथे मारलेला पक्षी घरी नेताना त्याचा एक पंख किंवा डोकं तसंच ठेवावं लागतं, म्हणजे वाटेत तपासणाऱ्याला जात ओळखता येते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात तर बदकं ओळखण्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज परवानाच मिळत नाही. मेलबर्नच्या मराठी मंडळींना हे नवं नसेल. तिथे आठ जातींची बदकं शिकारीची मानली जातात, पण त्यातल्याही काही जाती संख्या घटली म्हणून अलीकडच्या हंगामांत वगळल्या गेल्या. त्याच देशात वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या राज्यांनी हौशी बदकशिकार केव्हाच बंद केली आहे. म्हणजे शहाण्या देशांचंही यावर एकमत नाही.

अमेरिकेच्या पद्धतीतली सर्वांत हुशार गोष्ट म्हणजे टपाल तिकिटासारखं दिसणारं एक तिकीट. १९३४ पासून सोळा वर्षांवरच्या प्रत्येक बदकशिकाऱ्याला ते दर वर्षी विकत घ्यावं लागतं. पहिलं तिकीट डिंग डार्लिंग नावाच्या व्यंगचित्रकारानं चितारलं होतं, किंमत होती एक डॉलर. आता ती २५ डॉलर आहे आणि त्यातले ९८ टक्के पैसे पाणथळ जागा विकत घेण्यासाठी आणि राखण्यासाठी जातात. शिकाऱ्याच्या खिशातून बदकाच्या घराची सोय! पक्षी न मारणारे निसर्गप्रेमीही हौसेनं ते तिकीट घेतात.

हे वाचून कुणाला वाटेल, आपणही असंच का करू नये? विचार करण्याजोगा प्रश्न आहे, पण उत्तर फार कठीण नाही. परवाना देण्याआधी किती पक्षी आहेत, किती पिल्लं झाली, किती मारले गेले, हे तिन्ही आकडे हाताशी हवेत. आपल्याकडे दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून सुरू आहे आणि स्वयंसेवकांच्या कष्टांवर चालते. तिचं मोल मोठं आहे, पण कोटा ठरवण्यासाठी ती केलेलीच नाही. शिवाय आपल्याकडे येणारी बहुसंख्य बदकं अंडी घालतात भारताबाहेर. ती मध्य आशियाई उड्डाणमार्गानं येतात, जो तीस देशांवरून जातो. त्यातल्या रशिया, कझाकस्तानसारख्या देशांत ठरावीक हंगामात परवान्यानं शिकार चालते. वाटेत आधीच चाळण लागून आलेल्या थव्यातून आपण आणखी किती काढायचे, हे ठरवायला त्या सगळ्यांचा मिळून एक हिशेब हवा. अमेरिका आणि कॅनडा हे दोघांचं घर होतं, तिथे ते जमलं. तीस घरांच्या चाळीत ते जमवणं सोपं नाही.

आणि ओळखण्याचं काय? अनेक जातींच्या नर बदकांचा भडक पिसारा उन्हाळ्यात विणीनंतर गळतो आणि शरद ऋतूत ते आपल्याकडे येतात तेव्हा बरेचसे माद्यांसारखे तपकिरी दिसतात. तलवार बदक, थापट्या, गडवाल, भुवई बदक यांच्या माद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर नवशिक्या पक्षीनिरीक्षकाला घाम फुटतो. त्यातच लालसरीसारखे पक्षी मिसळलेले असतात. छोटी लालसरी आपल्याकडे थव्यांनी दिसते म्हणून ती विपुल आहे असं वाटतं, पण जागतिक पातळीवर तिची घट इतकी झाली आहे की २०१५ पासून ती 'संकटग्रस्त होण्याची शक्यता असलेल्या' जातींत गणली जाते. निदान बंदूकवाला एका पक्ष्यावर नेम धरतो. रात्री पाण्यावर ताणलेलं नायलॉनचं जाळं जात, नर, मादी काहीच विचारत नाही. त्यात वारकरी अडकतो, टिबुकली अडकते, कधी पाणमांजरही.

गुलाबी डोक्याच्या बदकाची गोष्ट इथे सांगायला हवी. गंगेच्या खोऱ्यातल्या दलदलीत राहणारा हा पक्षी पूर्वीही दुर्मिळच होता. दलदली शेतीखाली गेल्या, शिकारही चालू होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्याची एकही खात्रीलायक नोंद नाही. १९७२ च्या कायद्यानं त्याला सर्वोच्च संरक्षण दिलं, तेव्हा संरक्षण द्यायला बहुधा कुणी उरलेलंच नव्हतं.

कायद्याचा धाक एका बाजूला. ज्यांना तो वाटत नाही त्यांनी निदान आपल्या ताटाचा विचार करावा, कारण चोरट्या शिकारीचं बदक आणि खाणाऱ्याची तब्येत यांचा संबंध थेट आहे.

पहिला मुद्दा शिशाचा. बारा बोरच्या एका काडतुसात शेकडो छर्रे असू शकतात. त्यातले मोजके पक्ष्याला लागतात, बाकीचे तळ्याच्या चिखलात जातात. बदकाला दात नसतात. दाणे दळण्यासाठी ते बारीक खडे गिळतं आणि पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत साठवतं. खडे समजून ते छर्रेही गिळतं. तिथे शिसं घासलं जातं, आम्लात विरघळतं, रक्तात उतरतं. पंख लुळे पडतात, पक्षी खंगत जातो. काही छर्ऱ्यांत तो मरतो. अमेरिकेत बंदीपूर्वी दर वर्षी १६ ते २४ लाख पाणपक्षी अशा रीतीनं मरत असावेत असा अंदाज होता. १९९१ पासून तिथे पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छर्रे वापरता येत नाहीत, पोलादाचे किंवा अन्य बिनविषारी धातूंचे वापरावे लागतात. डेन्मार्कनं १९९६ मध्ये शिशाचे छर्रे पूर्ण बंद केले. युरोपीय संघानं १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत आणि त्यांच्या भोवतालच्या शंभर मीटरांत ते बंद केले.

माणसाच्या बाजूनं पाहिलं तर छर्रा मांसात शिरताना त्याचे सूक्ष्म कण सुटतात. ते दिसत नाहीत, दाताखाली येत नाहीत, शिजवून जात नाहीत. रक्तात शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असं सांगता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आणि गरोदर स्त्रीच्या पोटातल्या बाळावर त्याचा परिणाम सर्वांत वाईट.

दुसरा मुद्दा त्याहून तातडीचा आहे. बंदुकीचा आवाज होतो, जाळ्याला वेळ लागतो, म्हणून काही जण दाण्यांना कीटकनाशक चोळून काठावर टाकतात. कार्बोफ्युरानसारखं औषध त्यासाठी वापरलं गेल्याचे प्रकार वेगवेगळ्या देशांत उघडकीस आले आहेत. हे रसायन मज्जातंतूंचे संदेश थांबवणाऱ्या विकराला निकामी करतं. संदेश चालूच राहतात, स्नायू आणि ग्रंथी बेलगाम होतात, श्वास अडकतो. पक्षी धडपडत खाली बसतो, शिकारी त्याला पकडून मान कापतो आणि 'ताजं' म्हणून विकतो. पक्ष्याच्या चारापिशवीत विषारी दाणे तसेच असतात. असं मांस शिजवून निर्धोक होईल याची कुणीही हमी देऊ शकत नाही. खाल्ल्यानंतर तोंडाला सारखं पाणी सुटणं, घाम, उलट्या, जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, श्वास लागणं ही लक्षणं दिसली तर घरगुती उपाय करत बसू नये. तडक रुग्णालय गाठावं आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना न लाजता सांगावं. अ‍ॅट्रोपीन हे औषध अशा वेळी जीव वाचवतं, पण कारण कळलं तरच ते वेळेत दिलं जातं. पोलिसांच्या भीतीनं लपवलेली माहिती इथे जिवावर बेतू शकते.

तिसरा मुद्दा बर्ड फ्लूचा. भारतात एच५एन१ विषाणूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात झाला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. इन्फ्लुएन्झाच्या 'अ' प्रकारच्या विषाणूंचं मूळ बिऱ्हाड म्हणजे रानबदकं. ती अनेकदा स्वतः आजारी न पडता विषाणू विष्ठेतून बाहेर टाकतात आणि थंड पाण्यात तो बराच काळ तग धरतो. सगळ्याच पाणपक्ष्यांना तो पचतो असं मात्र नाही. आदल्या वर्षी, २००५ मध्ये, चीनच्या चिंगहाय सरोवरावर याच विषाणूनं हजारो पक्षी मेले होते. त्यांत मोठा वाटा होता पट्टकदंब हंसांचा, जे हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे येतात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच एच५एन१नं दगावले, म्हणजे पक्ष्यांचा म्हणवला जाणारा हा आजार पक्ष्यांपुरता राहत नाही.

नीट शिजलेल्या मांसातून तो लागत नाही. धोका असतो तो त्याआधी, पिसं काढताना, आतडी साफ करताना, रक्ताचे हात डोळ्यांना लागताना. जिथे शिकार कायदेशीर आहे तिथेही शिकाऱ्यांना हातमोजे घालायला, आजारी दिसणाऱ्या पक्ष्याला हात न लावायला सांगितलं जातं. जाळ्यातलं बदक घरी आणून परसातल्या कोंबड्यांजवळ सोलणारा माणूस मात्र हे काहीच करत नाही. स्वतःच्या कुक्कुटपालनाचं आणि शेजाऱ्याच्याही, होत्याचं नव्हतं करायला तेवढं पुरतं.

पाळीव बदकाचा या सगळ्याशी संबंध नाही, हे स्पष्ट करायला हवं. खाकी कॅम्पबेलसारखी पाळीव बदकं किंवा मस्कोव्ही पाळणं, विकणं, खाणं यांवर बंदी नाही. पाळीव बदक सहसा अंगानं जड असतं, लांब उडत नाही. बाजारात कुणी 'तळ्यावरचं, खास' म्हणून सडपातळ, मजबूत पंखांची, चोचीच्या टोकाला पिवळी आणि मुळाशी लाल ठिपका असलेली बदकं विकत असेल, तर ती हळदी-कुंकू आहेत. त्यांचं नावच त्यांच्या चोचीवर लिहिलेलं असतं.

शिकारी गावांना दुसरी वाट दाखवता येते, याचं गाजलेलं उदाहरण ओडिशात चिल्का सरोवराच्या काठी आहे. मंगलाजोडी हे गाव पाणपक्ष्यांच्या चोरट्या शिकारीसाठी बदनाम होतं. २००० च्या सुमारास तिथल्याच शिकाऱ्यांना समजावून त्यांची पक्षी राखणारी समिती उभी राहिली. पक्षी कुठे बसतो, कधी उठतो, वारा कुठून असला की जवळ जाता येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तेच आता पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवतात. आपल्या भिगवणलाही मच्छीमारांच्या होड्या रोहित पक्षी दाखवायला निघतात आणि हिवाळ्यात त्यातून चार पैसे मिळतात. सगळ्याच तळ्यांवर हे जमणार नाही. पाझर तलावाला पर्यटक कुठून येणार? तिथे राखण गावालाच करावी लागते.

पाण्यावर ताणलेलं जाळं, काठावर विखुरलेले संशयास्पद दाणे किंवा एकाच ठिकाणी मरून पडलेले बरेच पक्षी दिसले, तर त्यांना हात न लावता जागा आणि वेळ टिपून ठेवावी, शक्य असल्यास फोटो काढावा आणि महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. मेलेले पक्षी असतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यालाही सांगावं आणि कुत्री-कोंबड्या तिकडे जाऊ देऊ नयेत. आणि एखाद्या मेलेल्या बदकाच्या पायात धातूची कडी दिसली तर दुरूनच फोटो मोठा करून तिच्यावरचा क्रमांक वाचावा. भारतात घातलेल्या कड्यांवर बहुधा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा, असं इंग्रजीत कोरलेलं असतं. त्या क्रमांकावरून तो पक्षी कुठे, कधी पकडून सोडला होता ते संस्थेला शोधता येतं.